छावनीच्या नकाशातली इहीर

मी एकच शब्द खोटा बोलली. "बुजली" म्हनलं. इहीर बुजली नव्हती.

सुरवातीपासून सांगतो, नाईतर कोनाले समजनार नाई. आमचं गाव शेलूबाजारहून पाच-सा कोसावर. मानूस गेल्यावर मी लोकाच्या वावरात निंदन-खुरपन करून राह्यली. मंग सोयाबीन काढाले मशीन आली, निंदाच्या जागी फवारा आला, अन् बायाचं काम उडालं. तवा शेलूबाजारचा एक मुकादम गावात आला. म्हने मोठ्या शयरात मिल्ट्रीची छावनी हाये, तथी गवत कापाचं काम हाये, राहाले खोली भेटते, नळाचं पानी. नळाचं पानी आयकलं अन् मी हो म्हनलं. आमच्या गावात उन्हाळ्यात कोनाच्या हंड्यानं कोनाचं डोस्कं फुटन याचा काई नेम नाई. पोरगा म्हने, "माय, या वयात?" म्या म्हनलं, "वय घरी बसून थांबते का?"

आमी आठ बाया गेलो. त्यात एक मानोऱ्याकडल्या तांड्याची होती. माह्याहून दोन वर्सानं लहान असन. लगन झाल्यापासून उसतोडीले जाये, डोक्शावर मोळ्या वाहून वाहून तिची मान एका बाजूले झुकली होती. गाडीतच तिनं मले विचारलं, "बाई, तू घोरते का?"

"घोरतो."

"मंग माह्यासंग राह्य. मीबी घोरतो. दुसऱ्या कोनाले तरास कायले."

तवापासून आमची खोली एक, चूल एक. ती बंजारी, मी बौद्ध. ती भाकर थापे, मी वरन-भाजी करो. तिले माह्यी भाजी तिखट लागे, मले तिची भाकर जाड लागे. तरी कोनी चूल बदलली नाई.

छावनी म्हनजे आपल्या मंगरूळपीराएवढं गाव समजा, पन भोवताल भिंत, तार, अन् गेटवर बंदूक घेतलेला मानूस. सकाळी जातानी फोटोचा पास दाखवा लागे, मोबाईल गेटवरच ठेवा लागे. आतमधी सगळं कसं झाडून-पुसून, रांगीत. झाडाच्या बुडालेबी चुना लावलेला. दोन वर्सं आमी गवत कापलं.

मंग नकाशाचं काम निंघालं. छावनीच्या हापिसात जुने कागदाचे नकाशे होते, आमच्या तलाठ्याजवळ असते तसे, घडीवर फाटलेले. ते सगळं कंपुटरमधी घ्याचं होतं. त्याच्यासाठी एका कंपनीचे लोक आले. त्यात एक मॅडम होती, पुन्याकडची, माह्या पोराहूनबी लहान. छावनीत जे जे हाये त्याची जागा मोजाची, त्याले नंबर द्याचा, अन् ते कंपुटरमधी टाकाचं. नळ, इजेचा खांब, झाड, नाली, जमिनीतल्या चेंबरचं झाकन, इहीर, सगळं.

म्या तिले विचारलं, "मॅडम, झाड त दिसतेच. त्याचा नकाशा कायले पाह्यजे?"

ती हासली. म्हने, "आजी, तुम्हाला दिसतं. दिल्लीत बसलेल्या साहेबाला कसं दिसेल?"

तांड्याची म्हने, "त्याले कायले पाह्यजे आमचं निंबाचं झाड? त्याच्या बंगल्यात नाई का?"

मॅडम लय हासली. मंग सरळ होऊन म्हने, "उद्या इथं कोणी खोदायला आलं, गाडी घेऊन आलं, तर खाली काय आहे ते त्याला आधी कळायला हवं. नाहीतर माणूस मरतो, आजी. म्हणून खरं तेच लिहायचं." हे तिनं मले सांगतलं होतं. मले माईत नव्हतं असं मी म्हनू शकत नाई.

मोजाचं साधन म्हनजे एक रॉड. मानसाहून उंच, वरते पांढरी टोपी, कुत्र्याच्या छत्रीसारखी. तिच्यात आभाळातून खबर येते म्हने. खालचं टोक लोखंडी, सुळ्यासारखं. ज्याची जागा घ्याची त्याच्यावर ते टोक टेकवाचं अन् रॉड सरळ धरून उभं राहाचं. रॉडले एक बारीक काच होती, तिच्यात पान्याचा बुडबुडा. तो बुडबुडा गोलाच्या मधात आला पाह्यजे, हालला नाई पाह्यजे. मंग मशीन टी करून वाजे. आंधी हे काम मानसाईले देलं होतं. ते तंबाखूचा खर्रा खात, थुकाले मान वळवत, अन् बुडबुडा पळे. मंग मॅडमनं आमाले दोघीले उभं केलं. आमी डोक्शावर दोन हंडे घेऊन चाललेल्या बाया. आमचा बुडबुडा हालन का?

रॉड दोन होते. सकाळी रजिस्टरवर लिहीत, एक नंबरचा रॉड माह्या नावानं, दोन नंबरचा तिच्या नावानं. तिनं अंगठा द्याचा, म्या सही कराची. मी दुसरीपर्यंत शिकली, नाव लिहिता येते. दिवसभर जे जे मोजलं त्याच्यापुढे कंपुटरमधी रॉडचा नंबर पडे, अन् नंबरवरून नाव. मले लय बरं वाटे. माह्या सासूनं मले जन्मभर 'येडी' म्हनलं, अन् माह्या हातच्या रॉडनं मिल्ट्रीचा नकाशा होऊन राह्यला. पोराले फोनवर सांगतलं. तो म्हने, "माय, खरंच का मजाक करतं?"

रॉड एकमेकीले द्याचा नाई असा नेम होता. आमी देत होतो. एक नंबरचा जड होता, जुना. दोन नंबरचा नवा, हलका. माह्या उजव्या खांद्यात गवताच्या भाऱ्यानं कळ बसली होती. तिले दिसे. ती म्हने, "आन इकडं तो लोखंडाचा, तू हा घे. तुह्या खांद्याले काई झालं त भाजी कोन करन?" दुपारून परत बदलून घेओ. कोनाले समजत नव्हतं. ज्या दिवसाचं मी सांगून राह्यली त्या दिवशीबी दोन नंबरचा रॉड माह्याजवळ होता.

त्या आठवड्यात मॅडम रजेवर होती. तिच्या जागी दुसरा एक सर आला होता, पोट सुटलेला, खुर्चीवरून उठाचा त्याले कंटाळा. आमा दोघीलेबी तो 'मौशी' म्हने. कोनती मौशी कोनती, त्याले सांगता आलं नसतं. छावनीच्या मागच्या अंगाले झुडपं होती, बोरीबाभळी. जुन्या कागदावर तथी एक इहीर काढली होती. ती हाये का नाई ते पाहाचं होतं. सर दूर सावलीत खुर्ची टाकून बसला, मांडीवर पाटीसारखं कंपुटर. म्हने, "मौशी, आत जाऊन बघ. असली तर रॉड लाव."

मी काट्यातून आत गेली. इहीर होती. तिच्यावर फरशा टाकून तोंड झाकलं होतं, फरशीवर मातीचा थर, त्याच्यावर गवत. एका फरशीच्या फटीतून म्या पाह्यलं त खाली काळं पानी होतं, गार वारा तोंडाले लागला. अन् काठावर सात दगड मांडले होते. शेंदूर लावलेले. हिरव्या बांगड्या, नारळाची करवंटी, सुकलेला हार. कोनी गवत कापनारी बाई नाईतर माळी पूजा करत असन.

त्या साती आसरा होत्या. आमच्याकडे इहिरीवर, नदीवर असे सात दगड मांडते. पान्यातल्या सात बायका म्हनते लोक. लहान लेकरू पान्यात गेलं त आसराईनं नेलं म्हनते.

आता माह्या बापाचं सांगा लागन. माह्या बापानं धम्म घेतला तवा घरातले सगळे देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आला. मी त्याच्या मांगून जन्मली. आमच्या घरात कधी शेंदूर आला नाई, कधी अंगात आलं नाई, लिंबू नाई, धागा नाई. कोनी शेजारीन नवसाचं बोलली त बाप म्हने, "आमच्या दारात हे बोलाचं नाई." मी त्याच बापाची पोरगी. दर रइवारी विहारात बसून हात जोडून म्हनतो, खोटं बोलनार नाई.

पन माह्यी पयली पोरगी चार वर्साची असतानी वावरातल्या इहिरीत गेली. मी निंदून राह्यली होती, ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, खेळून राह्यली होती. काढली तवा तिच्या मुठीत गवत होतं. बाया म्हनत होत्या, आसराईनं नेली, काल त्या इहिरीवर हिच्या मायनं पाय धुतले होते. म्या त्याईले गप केलं. म्या म्हनलं, काठ बांधला नव्हता म्हनून गेली. मी तसंच म्हनत आली, सगळ्याईले, तीस-चाळीस वर्सं. मनात काय होतं ते मलेच माईत.

अन् त्या सालात माह्या पोराची पोरगी, माह्यी नात, चार वर्साची होती.

तर मी त्या सात दगडापुढे हातात लोखंडी सुळा घेऊन उभी. काठावर टेकवाचा म्हनलं त दगड हालवा लागत होता. टेकवला असता त त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका मारला असता, नंबर टाकला असता, मंग साहेब लोक आले असते, दगड उचलून फेकले असते. अन् ते सगळं माह्या हातानं झालं असतं. माह्यी नात घरी धुऱ्यावर खेळून राह्यली असन, एवढंच माह्या डोक्शात आलं.

सर दुरून वरडला, "मौशी, काय आहे का?"

म्या म्हनलं, "बुजली."

"पुरी?"

"पुरी. काईच नाई."

"मग बाजूला कुठंही रॉड लाव, नोंद घेऊ."

मी दहा पावलं मागं आली, एका बाभळीखाली रॉड लावला. हात हालला नाई. बुडबुडा मधात आला. मशीन टी करून वाजली. सरनं लिहिलं, जुनी इहीर, बुजलेली.

खोलीवर आल्यावर तिनं विचारलं, "काय झालं वं? तोंड उतरलं." म्या म्हनलं, "ऊन लागलं." तिले सांगतलं असतं त ती हासली असती. बौद्धाची बाई आसराले भेली म्हनून तिनं मले वर्सभर चिडवलं असतं. त्या हासन्याले मी भेली. अन् खरं सांगतलं असतं त ती म्हनली असती, चाल, उद्या दोघी जाऊन सरले सांगू. म्हनूनबी नाई सांगतलं.

चार-पाच महिने गेले. मॅडम परत आली होती, काम चालूच होतं. छावनीच्या मागच्या अंगाले नवीन पाइप टाकाचं ठरलं. नकाशात पाह्यलं, इहीर बुजलेली, गाडी नेता येते. ठेकेदाराचा पान्याचा टँकर मांगं मांगं आला अन् मांगचं चाक फरशीवर चढलं. फरशा फुटल्या. टँकर तिरपा होऊन आत बसला. डायवर दरवाजा उघडून उडी माराले गेला त त्याचा पाय काठात अन् गाडीत सापडला. आमी तिकडे धावत गेलो. त्याले काढाले दोन घंटे लागले. तो वरडत नव्हता, नुसता 'पानी, पानी' म्हने. पाय गुडघ्याखालून काढा लागला. ते दगड मातीत कुठं गेले कोनाले दिसले नाई, अन् कोनी पाह्यलेबी नाई.

दुसऱ्या दिवशी छावनीच्या साहेबानं आमा सगळ्याईले हापिसात उभं केलं. कंपुटर उघडला. मॅडमनं त्या जागेवर बोट ठेवलं त सगळं निंघालं. तारीख, टाइम, जुनी इहीर बुजलेली, रॉड नंबर दोन. अन् दोन नंबरपुढे तिचं नाव. बदलीचा सर केव्हाच काम सोडून गेला होता, त्याचा फोनबी लागत नव्हता.

साहेब म्हने, "अम्मा, तुमने देखा था कुआँ?"

ती म्हने, "सायेब, मी त्या बाजूले गेलीच नाई."

"तो ये नाम किसका है?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. तिले उमगलं, मले दिसलं. आमी रॉड बदलतो एवढं ती म्हनू शकत होती. तीन शब्द होते. म्हनली नाई. तशीच माह्याकडे पाहत राह्यली, मान एका बाजूले. मी खाली पाह्यलं. फरशीवर कोनाच्या तरी बुटाची माती सांडली होती, मी त्या मातीकडे पाहत राह्यली. मंग साहेब म्हने, "पास जमा करो."

गवताचं काम, नकाशाचं काम, खोली, सगळं त्या पासवर होतं. ती त्याच दिवशी निंघाली. खोलीत बोचकं बांधून राह्यली होती, मी दारात उभी. म्या म्हनलं, "बाई..." ती म्हने, "तवा घेऊ का ठेवू? तुलेबी लागन." तवा ठेवून गेली. तिच्या जागी दुसरी बाई आली, तिले दोन नंबरचा रॉड देला. मी त्यानंतर दोन वर्सं त्याच छावनीत राह्यली. जेवन गिळो. दर रइवारी खोलीत बसून पंचशील म्हनो, अन् खोटं बोलाच्या ओळीवर आली का नुसते व्हट हालवो, आवाज काढत नव्हती. लोक म्हनते मनाले बोचते. बोचत नाई. अंगावर काई घान लागल्यासारखं वाटते, अन् बाकीच्याईले ते दिसत नाई म्हनून अजूनच घान वाटते.

एक दिवस मॅडमनं मले हापिसात बोलावलं. नकाशाचं काम पुरं झालं होतं. भिंतीएवढ्या पडद्यावर सगळी छावनी दाखवली. म्हने, "आजी, बघा. यातला अर्धा तुमच्या हातचा आहे. एक नंबरच्या रॉडची एकही नोंद चुकली नाही. मी साहेबांना सांगितलं." अन् तिनं ठिपक्यावर बोट ठेवून ठेवून माह्यं नाव दाखवलं. निंब, माह्यं नाव. नळ, माह्यं नाव. मंग तिचं बोट सरकत सरकत मागच्या अंगाले गेलं. तथी इहिरीचा निळा गोल होता, नवा काढलेला. त्याच्याखाली तांड्यावालीचं नाव, अन् पुढे लिहिलेलं, चुकीची नोंद, अपघात.

म्या विचारलं, "हे किती वर्सं राहीन?"

मॅडम म्हने, "कायमचं, आजी. छावणी आहे तोवर. नोंद पुसत नाहीत."

म्या म्हनलं, "मॅडम, ते नाव माह्यं हाये."

तिले समजलं नाई. म्या सगळं सांगतलं. रॉड बदलल्याचं, सात दगडाचं, पोरीचं. ती खुर्चीत मागं टेकली. मंग म्हने, "आजी, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता." मले वाटलं ती वरडन. वरडली असती त बरं झालं असतं.

ती मले साहेबाकडे घेऊन गेली. साहेबानं आयकून घेतलं, एवढंच म्हने, "दो साल, अम्मा? दो साल?" माह्या पासवर त्यानं कैची चालवली. मॅडम कंपुटरपाशी बसली. जुनी ओळ पुसता येत नाई, खाली नवी ओळ जोडता येते म्हने. तिनं जोडली. मले वाचून दाखवलं, का त्या दिवशी दोन नंबरचा रॉड अमुक बाईकडे नव्हता, तमुक बाईकडे होता, खोटं त्या बाईनं सांगतलं. म्या म्हनलं, "हे मले एका कागदावर द्या. तिले नेऊन दाखवतो." मॅडम म्हने, "नाही देता येत. इथला कागद गेटबाहेर जात नाही." मी साहेबाचे पाय धराले वाकली, त्यानं मागं घेतले. म्हने, "कागज़ नहीं, अम्मा. तुम खुद जाओ, बोलो."

गावी आली. पोराले म्हनलं, काम सरलं. आठ-पंधरा दिवस काई केलं नाई. तुरीच्या शेंगा तोडल्या, नातीची वेनी घातली. मंग शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी तिच्या तांड्याची एक बाई भेटली. म्या विचारलं, ती कशी हाये. ती म्हने, "लंगडेवाली का? हाये. उसावर गेली होती, आता होत नाई, परत आली." मले समजलं नाई. म्या म्हनलं, "लंगडेवाली काहून?" ती म्हने, "शयरात तिनं एका डायवरले लंगडा केलं ना. तिच्या पोराले पोरगी पाहाले गेले त तिकडच्याईनं तेच काढलं."

दुसऱ्या दिवशी मी जीप धरून मानोऱ्याकडे गेली, तथून तांड्यावर पाई. ती घरापुढे गोधडी शिवत बसली होती. मान अजून झुकली होती. मले पाहून तिनं सुई कापडात टोचून ठेवली. पोरगा आत होता, दारात आला. शेजारपाजारच्या बाया आल्या, दोन-चार बुढे आले. पावनी आली म्हनून पानी देलं. म्या पेलं नाई. म्या उभ्यानंच सांगतलं. कागद भेटला नाई म्हनून तोंडानं सांगाले आली, असं म्हनलं. इहीर पाह्यली ते सांगतलं, खोटं बोलली ते सांगतलं, हिच्या नावावर पडलं अन् मी मातीकडे पाहत उभी राह्यली तेबी सांगतलं. बापाचं सांगतलं.

एक बुढा म्हने, "म्हनजे तुमी बौद्ध असून आसराले भेल्या?"

"भेली."

तो हासला. मंग बाया हासल्या. एक म्हने, "आमीबी एवढं नाई भेत वं!" सगळा तांडा हासला, पोट्टेसोट्टेबी. ज्या हासन्याले भेऊन म्या खोलीत तोंड बंद ठेवलं, ते हासू मी तथी उभी राहून आयकलं. ती हासली नाई. तिच्या पोरानं हासनाऱ्याईले गप केलं. तो म्हने, "आता सगळ्याईनं आयकलं ना? उद्या कोनी लंगडेवाली म्हनलं त पाह्यतो." अन् आत निंघून गेला. माह्याशी तो बोलला नाई.

लोक पांगले. आमी दोघी राह्यलो. म्या विचारलं, "तू काहून नाई बोलली तवा? रॉड बदलतो एवढं म्हनाचं होतं."

ती म्हने, "वाट पाह्यली. तू बोलशील म्हनून."

म्या म्हनलं, "माफ कर म्हनत नाई. एवढं सांगाचं होतं."

तिनं गोधडी उचलली, दोन टाके घातले. मंग म्हने, "डायवरले सांगतलं का?"

म्या म्हनलं, "नाई." खरं त तो माह्या मनातच आला नव्हता. तिचं नाव, माह्यं नाव, एवढ्यातच मी दोन वर्सं फिरत होती. ज्याचा पाय गेला तो मले आठवलाच नव्हता.

"मी गेली होती," ती म्हने. "शयरातून निंघाच्या आंधी. दवाखान्यात. म्हनलं, नाव माह्यं निंघालं त माह्यं. त्यानं मले लय शिव्या देल्या. मायवरून, बापावरून. त्याची बायको रडून राह्यली होती. म्या सगळ्या आयकून घेतल्या, हात जोडून."

मी तिच्यापुढे मातीत बसली.

"त्या तुह्या होत्या," ती म्हने. "तू जाऊन घे."

तिनं गावाचं नाव सांगतलं. परभनीकडलं हाये, त्याच्या बायकोनं तिले तवा सांगतलं होतं. मंग म्हने, "जीप जाईन आता, निंघ." मी निंघाली.

त्याले चार महिने झाले. त्या गावाले जाले वाशिमहून दोन गाड्या बदला लागते, मी विचारून ठेवलं. अजून गेली नाई. घरी सांगतो, गुडघे दुखते. गुडघे दुखतेच. पन मी थांबली ते गुडघ्यापायी नाई.